मध्यफळीतला माणूस आणि मंडळाची वही

शुक्रवार, रात्री

रविवारी सकाळी कोल्हापुरातल्या आमच्या फुटबॉल मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक आहे आणि तिच्यापुढे खरे तर एकच विषय आहे. आमच्या मध्यफळीतल्या ज्येष्ठ खेळाडूला त्याने मागितलेले मानधन देऊन येत्या हंगामासाठी ठेवून घ्यायचे, की शेजारच्या पेठेतल्या संघाने त्याच्याकडे शब्द टाकला आहे तर आडकाठी न करता त्याला मोकळे करायचे? नव्या जर्सी, सरावाच्या मैदानाची वेळ, गेल्या वर्षीची राहिलेली वर्गणी हे बाकीचे विषय चहा येईपर्यंत संपतील. या एका विषयावर मात्र आवाज चढणार, हे आत्ताच दिसते आहे. तेव्हा तेथे बोलण्याआधी आपले मत एकदा कागदावर उतरवून पाहिलेले बरे.

पेठेत त्याला सगळे 'मास्तर' म्हणतात आणि येथे तेवढे पुरे आहे. वय चौतीसच्या पुढे गेले आहे. त्याने मागितलेल्या रकमेत तीन नवोदित पोरे हंगामभर खेळवता येतील, आणि खजिनदारांचा सगळा युक्तिवाद याच एका गोष्टीवर उभा आहे. "आबा, तेवढ्या पैशात तीन पोरं मिळत्यात, आणि तिन्ही पळणारी," असे ते परवा तालमीच्या कट्ट्यावर मला म्हणाले. पळणाऱ्या तिघांना चेंडू कोण देणार, असे मी विचारले, तेव्हा ते नुसते हसले.

आमच्या तरुण प्रशिक्षकाचे म्हणणे अधिक विचार करून मांडलेले आहे, म्हणून त्याला उत्तर देणेही अधिक अवघड आहे. युरोपातले शहाणे क्लब तिशी ओलांडलेल्या खेळाडूत जीव अडकवत नाहीत, भाव असेतोवर त्याला विकून मोकळे होतात, असे तो सांगतो आणि त्यासाठी रिअल माद्रिदच्या कासेमिरोचा दाखला देतो. दाखला खरा आहे. २०२२ च्या मे महिन्यात चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकलेल्या संघातला हा मध्यरक्षक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तिसाव्या वर्षी, सुमारे ६ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला देण्यात आला. पहिल्या हंगामात त्याने युनायटेडला लीग कप जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला, अंतिम सामन्यात गोलही केला. पण दुसऱ्याच हंगामात त्याचे पाय जड झालेले सगळ्या जगाने पाहिले. माद्रिदने मात्र २०२४ मध्ये त्याच्यावाचून पुन्हा चॅम्पियन्स लीग जिंकली. एवढे ऐकले की कोणीही म्हणेल, विकावे.

पण प्रशिक्षक अर्धीच गोष्ट सांगतो. कासेमिरोला सोडण्याआधी माद्रिदने मध्यफळीतली दोन तरुण पोरे, २०२१ मध्ये कामाव्हिंगाला आणि २०२२ च्या जूनमध्ये, मूळ रक्कमच ८ कोटी युरो मोजून, चुआमेनीला आणून ठेवले होते. म्हणजे त्याची जागा घेणारा माणूस आधी घरात आला आणि मग तो बाहेर पडला. शिवाय त्याच वर्षी मध्यफळीतल्याच छत्तीस वर्षांच्या मॉड्रिचला माद्रिदने सोडले नाही. तिशी हाच जर नियम असता तर मॉड्रिच आधी गेला असता. वयाने मोठा असलेला राहिला आणि सहा वर्षांनी लहान असलेला गेला, याचे कारण त्यांनी जन्मतारीख पाहिली नाही. कोणाच्या जागी आपल्याकडे कोण तयार आहे, एवढेच पाहिले.

आमच्याकडे मास्तरच्या जागी कोण तयार आहे, हा प्रश्न परवा कट्ट्यावर कोणीच काढला नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. युरोपातला क्लब खेळाडू विकतो म्हणजे त्याच्या कराराची उरलेली वर्षे विकतो. ज्यां-मार्क बोस्मन या बेल्जियमच्या खेळाडूचा लिएज क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला होता, तरीही फ्रान्समधल्या डंकर्कला जाण्यासाठी लिएजने रक्कम मागितली आणि त्याची वाट अडवली. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागण्याचा हक्क क्लबांच्या हातून गेला. तेव्हापासून महागड्या ज्येष्ठ खेळाडूबाबत क्लबाची सगळी घाई कराराच्या शेवटच्या वर्षाभोवती फिरते. गोल करणाऱ्या लेवांडोव्स्कीला जर्मनीच्या बायर्न क्लबाने २०२२ च्या जुलैत स्पेनच्या बार्सिलोनाला दिले ते याच हिशेबाने. करार एका वर्षावर आला होता, तो स्वतः जायला निघाला होता आणि चौतिशीला आलेल्या माणसाचे सुमारे साडेचार कोटी युरो येत होते. वर्षभर थांबले असते तर एक छदामही मिळाला नसता.

तरीही बायर्नने पुढे काय भोगले, ते पाहण्यासारखे आहे. लेवांडोव्स्कीने बार्सिलोनाकडून पहिल्याच हंगामात २३ गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान मिळवला आणि संघ विजेता झाला. इकडे बायर्न २०२२-२३ चे विजेतेपद शेवटच्या दिवशी, डॉर्टमुंडइतकेच गुण असताना गोलफरकावर कसेबसे राखू शकला, आणि पुढच्या उन्हाळ्यात सुमारे १० कोटी युरो मोजून तीस वर्षांच्या हॅरी केनला गोल करण्यासाठी घेऊन आला. साडेचार कोटी मिळाले आणि दहा कोटी गेले. विक्री चुकली, असे मी म्हणत नाही. विक्रीतून आलेला पैसा म्हणजे नफा नव्हे, एवढेच आमच्या खजिनदारांना सांगायचे आहे.

आणि आमच्याकडे तर तो पैसाही येत नाही. आमच्या मंडळात खेळाडूशी बोली होते ती त्या हंगामापुरती; हंगाम संपला की तोही मोकळा आणि आम्हीही. मास्तर दुसऱ्या पेठेत गेला तर ती पेठ त्याला मानधन देईल, आमच्या वहीत जमेच्या बाजूला एक रुपयाही पडणार नाही. खर्चाची एक ओळ तेवढी कमी होईल. म्हणून 'विकावे की ठेवावे' असा प्रश्न आमच्यापुढे नाहीच. त्याच्यावाचून वाचणाऱ्या रकमेतून त्याच्याइतके काम करून घेता येईल का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वही चाळून मिळत नाही, मैदानावर उभे राहून मिळते.

मी ते पाहत आलो आहे. मास्तर आता धावत नाही, हे खरे. डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून उतरतो, आणि उत्तरार्धाची पंधरा-वीस मिनिटे झाली की प्रतिस्पर्ध्याच्या मागे जायचे सोडून हाताने पोरांना जागा दाखवू लागतो. पण चेंडू त्याच्याकडे येत असतो तेव्हा त्याची मान पाहावी. चेंडू पायाशी पोहोचण्याआधी तो एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहून घेतो, त्यामुळे चेंडू आला की त्याला विचार करायला थांबावे लागत नाही. एका स्पर्शात चेंडू बाजूने निघालेल्या पोराच्या पुढे पडलेला असतो. आमची पोरे चेंडू आल्यावर मान वर करतात. एप्रिल-मे महिन्यात शाहू स्टेडियमचे मैदान कडक होते, चेंडू उसळतो, ऊन डोक्यावर असते. अशा वेळी पळणारा संघ पाऊण तासात दमतो आणि चेंडू पळवणारा संघ टिकतो. लीगचे सामने संपून बाद पद्धतीच्या स्पर्धा सुरू होतात त्या याच दिवसांत. तेथे एक चुकीचा पास म्हणजे स्पर्धेतून बाहेर, आणि मग पेठेत आठवडाभर तोंड दाखवायची सोय नाही.

सगळ्या जागांना वय सारखेच लागत नाही, हेही प्रशिक्षकाने लक्षात घ्यावे. बाजूने पळणारा विंगर तिशीनंतर उतरतो, कारण त्याचे भांडवलच वेग असते. गोलरक्षक आणि मधला जाणता खेळाडू उशिरा उतरतात. मॉड्रिचला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर मिळाला तो २०१८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. कासेमिरो इंग्लंडला गेला, लेवांडोव्स्की स्पेनला गेला. आपल्या जुन्या क्लबापुढे ते आठवड्याला उभे राहणार नव्हते. इटलीच्या मध्यफळीतल्या पिर्लोचे तसे झाले नाही. २०११ मध्ये मिलानने त्याचा करार वाढवला नाही आणि बत्तीस वर्षांचा पिर्लो फुकटात युव्हेंटसला गेला, म्हणजे त्याच देशात, त्याच लीगमध्ये. मिलान तेव्हा इटलीचा विजेता होता आणि युव्हेंटस सातव्या क्रमांकावर होता. पुढच्या हंगामात युव्हेंटसने एकही सामना न हरता लीग जिंकली, आणि पिर्लो तेथे होता ती चारही वर्षे जिंकली. मिलानला पुढचे विजेतेपद २०२२ पर्यंत दिसले नाही. सगळे पिर्लोमुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण युव्हेंटसने त्या काळात बरेच काही बदलले होते. पण आपण म्हातारा समजून सोडलेला माणूस समोरच्याच्या मध्यफळीत उभा राहणे, हे नुकसान दुहेरी असते.

कोल्हापुरात दुसरी लीग कोठून आणायची? कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची, लीग एकच, स्टेडियम एकच, आणि मंगळवार पेठ, शिवाजी पेठ किंवा रविवार पेठ यांच्यातले अंतर सायकलवर काही मिनिटांचे. मास्तर येथून गेला तर तो लीगमध्ये आमच्याविरुद्ध खेळणार, आणि पुढे एखाद्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यातही गाठ पडेल. आमच्या बचावफळीतला कोण डाव्या बाजूला कच्चा आहे, आमचा गोलरक्षक पेनल्टीला आधी कोणत्या बाजूला झुकतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक आहे? वाचलेल्या मानधनातून ही किंमत वजा करायला खजिनदार विसरले आहेत.

पेठेच्या इभ्रतीचा मुद्दा बैठकीत हमखास निघेल, आणि त्यावर मी फार बोलणार नाही. तालमीत वाढलेला गडी दुसऱ्या तालमीकडून खेळला की जुन्या लोकांना झोंबते, हे समजण्यासारखे आहे. पण आता परगावचे आणि नायजेरियाचे खेळाडू कोल्हापुरात येऊन खेळतात, त्यांच्यासाठी हलगी वाजते, त्यांच्या नावाने घोषणा होतात. तेव्हा पेठेचा म्हणूनच ठेवा, हे कारण एकट्याने पुरेसे नाही. भावनेने हिशेब बुडाला की काय होते, ते बार्सिलोनाने दाखवले आहे. पगाराचा बोजा इतका वाढला की २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेस्सी राहायला तयार आणि क्लब ठेवायला तयार असूनही लीगच्या वेतनमर्यादेत त्याचा करार बसेना, आणि तो एक पैसाही मिळवून न देता गेला. मास्तरला त्याने मागितले तेवढे सगळे द्यावे, असेही म्हणूनच मला वाटत नाही. उद्या शेजारच्या पेठेने आमच्या दुप्पट आकडा लावला तर त्या बोलीत आपण उतरू नये. हात जोडून निरोप द्यावा.

माझ्या मनात आहे ते मॉड्रिचला माद्रिदने जसे ठेवले तसे. २०२१ पासून त्यांनी त्याच्याशी दरवेळी एकाच वर्षाचा करार केला. शेवटच्या वर्षांत तो बऱ्याचदा बाकावरून उतरला, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात, चाळिशीच्या उंबरठ्यावर, मानाने मिलानला गेला. (वय झाले म्हणून पिर्लोला सोडणाऱ्या मिलाननेच एकोणचाळीस वर्षांच्या मॉड्रिचला घ्यावे, याची मला गंमत वाटते.) आम्ही मास्तरला मागणीच्या निम्मी रक्कम पक्की द्यावी आणि उरलेली सामन्यागणिक ठरवावी. लीगमध्ये दुबळ्या संघांविरुद्ध त्याला बसवावे, मोठ्या सामन्यांत साधारण तासभर खेळवावे, आणि उरलेल्या वेळात त्याच्या जागी रोज एकाच पोराला उतरवावे. दर सामन्याला नवा पोरगा उतरवला तर कोणीच तयार होणार नाही. आमच्याकडे एक सतरा वर्षांचा मुलगा आहे, ज्याची मान चेंडू येण्याआधी वळू लागली आहे. सतरा वर्षांखालील विश्वचषकात २०१७ मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच; तेव्हापासून पेठेतल्या प्रत्येक चांगल्या पोराच्या घरच्यांना बाहेरची वाट ठाऊक झाली आहे, आणि ते योग्यच आहे. हा मुलगाही फार दिवस आमच्याकडे राहील असे नाही. आहे तोवर त्याने मास्तरशेजारी उभे राहून शिकावे.

मास्तर याला कबूल होईल का, हा प्रश्न उरतो. सामन्यागणिक पैसे म्हटले की ज्येष्ठ खेळाडूला तो अपमान वाटतो. म्हणून हे बोलणे बैठकीत चारचौघांसमोर होऊ नये. उद्या संध्याकाळी सरावानंतर मी त्याला घरी बोलावले आहे. रक्कम आधी सांगणार नाही. शेवटच्या अर्ध्या तासात त्याच्या जागी कोणता पोरगा यावा, हे आधी त्यालाच विचारणार आहे. त्याने नाव सांगितले तर पुढचे बोलणे सोपे जाईल. नाही सांगितले, तर रविवारी मीही खजिनदारांच्या बाजूने हात वर करीन.