पहिली रात्र

बेळगावात नव्याने भरती झालेल्या वॉर्डरांच्या, म्हणजे तुरुंगातल्या पहारेकऱ्यांच्या, वर्गात मी समुपदेशक म्हणून शिकवायला जाते. त्या दिवशी विषय होता तुरुंगातली पहिली रात्र. एका निवृत्त हेड वॉर्डरांना मी नवा कच्चा कैदी व्हायला सांगितलं.

निपाणीकडचा एक तरुण पुढे आला. झडती चोख घेतली, रजिस्टर भरलं, नियम घडाघडा सांगितले आणि म्हणाला, "चल, आत हो." कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. हेड वॉर्डर मात्र बाकावर मान खाली घालून बसूनच राहिले.

मग खानापूरची एक मुलगी उठली. आधी कानडीत बोलली, उत्तर नाही. मग शेजारी बसून मराठीत विचारलं, "मामा, जेवलासा काय? घरात कुणाला सांगायचं हाय?"

बऱ्याच वेळाने ते बोलले, "म्हशीची धार कोण काढतोय आता? घरात म्हातारी एकटीच हाय."

वर्गात कुणी हसलं नाही. झडतीत हे सापडत नाही, आणि आत आलेल्या माणसाचा जीव नेमका तिथेच अडकलेला असतो. तुरुंगातल्या आत्महत्यांचा धोका सुरुवातीच्या तासांत नि दिवसांत फार मोठा असतो. म्हणून तर कैद्यांना कसं वागवावं यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत मानसिक त्रास वेळेत ओळखणं हा कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग धरलाय.

निपाणीच्या मुलाने सरळच विचारलं, "मॅडम, ज्याचं घर ह्याने फोडलं, त्याला कोण विचारतंय?" प्रश्न रास्त होता. उत्तर हेड वॉर्डरांनीच दिलं. देशातल्या कैद्यांत चारात तीन कच्चे, म्हणजे गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. शाबीत झालेलेही बहुतेक एक दिवस सुटतातच. "उद्या खडेबाजारात तुझ्या शेजारी उभा राहणार हाय तो. कसा माणूस पाठवायचा भाईर, ते तुझ्या हातात हाय की."

२०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत पाचशे कैद्यांमागे एक समुपदेशक धरलाय. तोही संध्याकाळी घरी जातो. बराकी बंद झाल्यावर माणसाशी बोलायला उरतो तो वॉर्डरच. सुधारणा आणि पुनर्वसनाचं काम रात्रभर त्याच्याच हाती असतं. मग भरतीत उंची नि धावणं पाहतो, तसं अनोळखी माणसाला बोलतं करता येतं का, हेही पाहायला हवं. आपल्या सीमाभागात तर कानडी आणि मराठी दोन्हींत.

दुपारी निपाणीच्या मुलाने स्वतःहून पुन्हा पाळी मागितली. झडती तितकीच कडक घेतली. मग म्हशीसाठी शेजाऱ्याचं नाव विचारलं, घरी निरोप द्यायचं ठरवलं आणि रात्रपाळीच्या वॉर्डरसाठी वहीत लिहिलं: जेवला नाही, लक्ष ठेवणे.

हा वर्ग शेवटच्या आठवड्यात नको, पहिल्याच आठवड्यात घ्या, असं मी लेखी कळवलंय. हेड वॉर्डरांनाही पुढच्या तुकडीसाठी बोलवा म्हटलंय. ते यायला तयार आहेत.