भवानी पेठेत भरलेली उसण

१ जुलै २०२४ च्या पहाटे, भवानी पेठेतल्या एका शाळेच्या अंगणात, टँकरच्या नळाखाली भरलेली बादली उचलण्यासाठी मी वाकले, बादलीसह किंचित डावीकडे वळले आणि कंबरेत असे काही गच्च आवळले गेले की बादली हातातून सुटली. पाणी व्हरांड्यातल्या सतरंज्यांपर्यंत पसरत गेले, बायका आपापली गाठोडी उचलू लागल्या आणि मी खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून अर्धवट वाकलेल्या अवस्थेत उभी राहिले. सरळ होता येईना, खाली बसता येईना, मोठा श्वास घेतला तरी कळ पाठीतून वर चढे. पंधरा वर्षे बँकेत बसून काम केल्यामुळे पाठ अधूनमधून दुखण्याची मला सवय होती, पण हे दुखणे त्या जातीचे नव्हते. आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या आजी लांबूनच म्हणाल्या, "उसण भरली व बाईला."

माउलींची पालखी २९ जूनला आळंदीहून निघाली होती आणि ३० तारखेला आम्ही पुण्यात पोहोचलो होतो. आळंदी ते भवानी पेठेतले पालखी विठोबा मंदिर ही वाटचाल तीस किलोमीटरच्या आसपास भरते, आणि मी ती खांद्याला एकाच बाजूने शबनम अडकवून, दुपारच्या विसाव्यातही पाठ टेकवायची सोडून पंगतीत वाढायला उभी राहून केली होती. रात्री फरशीवर पातळ सतरंजी. पहाटे काकड्याच्या आधी उठून पहिले काम केले ते वाकून बादली उचलण्याचे. त्या क्षणी मला हा अचानक झालेला घात वाटला. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हा त्यात अचानक असे फारसे काही नव्हते हे लक्षात आले. रात्रभर आडवे राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून किंचित फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यानंतरचा पहिला तासभर कंबरेत वाकणे त्यांच्यावर दिवसातल्या इतर कोणत्याही वेळेपेक्षा जास्त ताण आणते. त्यात आदल्या दिवशीचे थकलेले स्नायू आणि वाकलेल्या अवस्थेतच घेतलेली ती छोटीशी गिरकी.

आजींनी तोवर एका पोराला हाक मारून आणले होते. तो पायाळू होता, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला, आणि अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते ही समजूत आपल्याकडे गावोगाव आहे. सतरा-अठरा वर्षांचा तो मुलगा फार संकोचला. वडीलधाऱ्या बाईला पाय लावायचा म्हणून त्याने आधी मला नमस्कार केला, मग आजींच्या आधाराने पाय उचलून माझ्या कंबरेला अगदी हलकेच, फूल टेकवावे तसा लावला. कळ थांबली नाही. पण आपल्याभोवती माणसे आहेत, आपण या शाळेत एकट्या पडणार नाही, हे मला त्या स्पर्शाने कळले आणि खिडकीचा गज मी तेव्हाच सोडला. त्याच सुमारास बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी मात्र मला पालथे झोपवून, पाठीवर गुडघा रोवून, खांदे मागे ओढून "मणका बसवून" देण्याची तयारी दाखवली. त्यांचा हेतू चांगला असेलही. पण नेमके काय झाले आहे हे तपासल्याशिवाय असा झटका देणे किती धोक्याचे असू शकते याची जाणीव दिंडीतल्या निवृत्त परिचारिका असलेल्या एका ताईंना होती, आणि त्या आमच्या दोघांच्या मध्ये शब्दशः उभ्या राहिल्या. त्यांचे ते उभे राहणे मी विसरणार नाही.

पालख्या पुण्यात असतात त्या दोन दिवसांत हे शहर वारकऱ्यांसाठी काय करते हे मी पुणेकर असूनही पुरते जाणत नव्हते. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत. आणि त्या दोन पेठांमधल्या बोळाबोळांत कोणी चपला शिवून देत असते, कोणी दाढी करून देत असते, कोणी वृद्धांचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत असते. शाळेपासून काही अंतरावर असेच एक मोफत वैद्यकीय शिबिर होते आणि तिथल्या तरुण डॉक्टर मला तिकडे न्यायला न लावता स्वतः शाळेत आल्या.

त्यांनी पाठीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. पडलात का? ताप आहे का? कळ पायात उतरते का? लघवी नेहमीसारखी होते का, अडते किंवा नकळत होते असे काही? बसताना जो भाग टेकतो तिथे बधिर वाटते का? या शेवटच्या प्रश्नाने मी बिचकले. तेव्हा त्यांनी सांगितले की मणक्याच्या खालच्या टोकाला असलेला नसांचा जुडगा दाबला गेला तर ही लक्षणे दिसतात, आणि ती दिसली तर घरी उपाय करत बसायचे नसते, तत्काळ रुग्णालय गाठायचे असते, कारण तिथे तासांचा हिशेब असतो. मग त्यांनी मला गजाला धरून चवड्यांवर उभे केले, टाचांवर उभे केले, पायाचा अंगठा वर उचलायला सांगून तो हाताने खाली दाबून पाहिला. पायांत ताकद होती, संवेदना होती. कंबरेचे स्नायू मात्र दोन्ही बाजूंनी दोरखंडासारखे ताठ झाले होते. सगळे सतरंजीवरून म्हणत होते, "गादी सरकली." डॉक्टर म्हणाल्या की असे दुखणे बहुतेकांच्या बाबतीत स्नायूंचे आणि अस्थिबंधांचे असते, काही आठवड्यांत ते ओसरते आणि पहिल्या दिवशी एमआरआय काढून त्यात काही बदल होत नाही.

त्यानंतर त्यांनी जे केले त्याने मला खरा आराम पडला, म्हणून ते जरा तपशिलाने लिहिते. वर्गातून त्यांनी बालवर्गातल्या मुलांचे एक ठेंगणे लाकडी बाक आणवले. दोघींच्या आधाराने मला कुशीवर आणि मग पाठीवर निजवले, आणि माझ्या दोन्ही पोटऱ्या त्या बाकावर ठेवल्या, अशा बेताने की मांड्या जमिनीशी काटकोनात उभ्या राहतील आणि कंबर आपोआप फरशीला टेकेल. मानेखाली माझ्याच लुगड्याची घडी. कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळलेली. "आता काही करू नका, फक्त श्वास पोटापर्यंत जाऊ द्या," एवढेच त्या म्हणाल्या. बाकाच्या खालच्या फळीवर कोणा मुलाने खडूने काढलेले एक घर मला तिथून दिसत होते. दोन खिडक्या, एक दार, आणि बाजूला घरापेक्षा उंच फूल. मी त्या घराकडे पाहत होते. पहिली काही मिनिटे काहीच झाले नाही. मग डाव्या बाजूचा एक पीळ सुटावा तसा सुटला, आणि थोड्या वेळाने उजवा. दुखणे गेले नव्हते, पण त्याची पकड गेली होती. शेजारच्या वर्गात हरिपाठ सुरू झाला होता आणि मला त्यात हळू आवाजात सूर मिसळता आला.

वेदनाशामक गोळी देण्यापूर्वी मूत्रपिंड, आम्लपित्त, रक्तदाब यांची चौकशी झाली. वाटचालीत घाम जातो, पाणी कमी प्यायले जाते, आणि अशा कोरड्या शरीरात काही वेदनाशामके मूत्रपिंडाला बाधतात, हे मला नवे होते. मी तर आदल्या रात्री कोणीतरी दिलेली गोळी उपाशीपोटीच घेतली होती. मग उठायचे कसे ते शिकवले: गुडघे जवळ घ्यायचे, खांदे आणि कमरेचा भाग एकदम वळवून कुशीवर व्हायचे, पाय खाली सोडायचे आणि हातांच्या रेट्याने वर यायचे. तसे मी उठले. डॉक्टरांनी विश्रांतीचा अर्थही सांगितला, आणि तो मी आजवर समजत होते त्याच्या उलट होता. दिवसभर पडून राहायचे नाही, कारण पडून राहिल्याने पाठ अधिक आखडते. तासाभराने उठायचे, व्हरांड्याला दोन फेऱ्या घालायच्या आणि पुन्हा पोटऱ्या बाकावर. कळ थोडी वाढली म्हणून घाबरायचे नाही. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला तर मात्र थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा.

संध्याकाळपर्यंत मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन पालखी विठोबाच्या कळसाला हात जोडून आले. दर्शनाची रांग मला झेपणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशीचा टप्पा पुणे ते सासवड. तीस किलोमीटरहून अधिक वाटचाल, त्यात दिवे घाट, जिथे माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. घाटाच्या चढावर टाळांचा आवाज वळणावळणाने खालून वर येत राहतो, आणि ते ऐकण्यासाठी मी वर्षभर वाट पाहते. डॉक्टरांनी चालायला नाही म्हटलेच, पण सामानाच्या ट्रकमध्ये बसून यायलाही नाही म्हटले, कारण बसून खाल्लेले हादरे आखडलेल्या कंबरेला चालण्यापेक्षा जड जातात. मी रडले. नेम मोडला म्हणून रडले हे लिहायला मला संकोच वाटत नाही. आमच्या दिंडीतले वीणेकरी बाबा रात्री येऊन बसले आणि त्यांनी एकच विचारले, "माउली, घर कुठं म्हणालात?" शनिवार पेठेत, ओंकारेश्वराजवळ, मी सांगितले. "मग तिथून चाला. आम्ही इकडून चालतो."

ते मी अक्षरशः पाळले. दिंडी सासवडला पोहोचली त्या दिवशी मी घरातल्या घरात, तासातासाने. ती जेजुरीला गेली तेव्हा ओंकारेश्वराच्या दारापर्यंत आणि परत. भंडाऱ्याने पिवळी झालेली मंडळी मला फोनवर दिसत होती. नीरा नदीवर पादुकांचे स्नान झाले त्या दिवशी मी प्रथमच लक्ष्मी रस्त्यापर्यंत गेले, आणि वाटेत एकदा दुकानाच्या पायरीला टेकून उभी राहिले. सकाळचा पहिला तास मी वाकत नव्हते. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. आठ-नऊ दिवसांनी निवडुंग्या विठोबापर्यंत सलग चालत गेले, आणि दाराशी पोहोचल्यावर लक्षात आले की सबंध वाटेत कंबरेची आठवण झाली नव्हती. शिबिरातल्या डॉक्टरांना फोन करून विचारले, तेव्हा त्यांनी शेवटचा टप्पा चालायला हरकत नाही, मात्र खांद्याला काहीही नको, असे सांगितले.

वाखरीला मी एसटीने गेले, दर थांब्याला उतरून चार पावले चालत. सगळ्या संतांच्या पालख्या तिथे एकत्र येतात. त्या गर्दीत आमची दिंडी सापडायला दोन तास लागले आणि सापडली तेव्हा आजींनी माझ्या तोंडाकडे न पाहता आधी कंबरेवर हात फिरवून पाहिला. १६ जुलैला, दशमीच्या दिवशी, वाखरी ते पंढरपूर मी मोकळ्या खांद्यांनी चालले. माझी पिशवी त्या पायाळू मुलाने घेतली होती आणि ती परत मागितली तर तो पुढे पळत होता.

चंद्रभागेच्या वाळवंटात आजींनी तांब्या माझ्या हातून घ्यायला हात पुढे केला. मी म्हटले, "राहू द्या आजी, मला जमतंय." पाण्याच्या कडेला मी दोन्ही गुडघे टेकले, पाठ सरळ ठेवून तांब्या बुडवला, भरलेला तांब्या पोटाशी धरला आणि पायांच्या जोरावर सावकाश उभी राहिले.