काळ्या दारूचं वंगण जमवताना

पाचव्या बारापर्यंत गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडत होत्या. आठव्याला निशाण सुटलं आणि दहावी गोळी शंभर यार्डांवरच्या कागदाला लागलीच नाही. रायफल तीच, गोळ्या एकाच साच्यातल्या, दारू वजन करून भरलेली. नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं तर खरखरीत, कोरडं. घरी साफ करताना पाहिलं, शेवटच्या सहा इंचांत डांबरासारखा थर बसलेला होता आणि त्यात शिशाच्या बारीक चकाकत्या कपच्या.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, गेली बरीच वर्षं कोलोरॅडोत आहे. रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरण्याचा नाद जुना. (अमेरिकेत याला मुभा आहे. भारतात परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून तिथे कुणी प्रयोग करू नयेत.) दोन वर्षांपूर्वी १८७४ च्या शार्प्स रायफलची इटलीत बनलेली प्रतिकृती घेतली, .४५-७० या काडतुसाची, बत्तीस इंची नळीची. ही रायफल काळ्या दारूनेच (बंदुकीची जुनी, धुराची दारू, ब्लॅक पावडर) चालवायची हे आधीच ठरवलं होतं. वंगणाचा विचार मात्र केला नव्हता. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांना लावायची खनिज मेणाची कडक कांडी घरात होती, तीच वापरली.

चूक तिथेच होती. बिनधुराच्या, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या दारूत वंगणाचं काम गोळीपुरतं असतं. ती दारू जवळजवळ पूर्ण जळते, मागे फारसं काही ठेवत नाही. पण दाब आणि वेग जास्त, म्हणून शिसं आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या, नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) चिकटू नये यासाठी कडक, उष्णता सोसणारं वंगण लागतं. काळ्या दारूचं गणित वेगळं. सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० भाग; जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनच राहतो. .४५-७० मधले ७० म्हणजे ७० ग्रेन दारू, साधारण साडेचार ग्रॅम. म्हणजे एका बारामागे दोन ग्रॅमांहून जास्त कीट. काही धुराबरोबर बाहेर जातं, उरलेलं नळीत बसतं. आमच्याकडच्या कोरड्या हवेत ते बघता बघता खापरीसारखं कडक होतं. इथे वंगणाचं पहिलं काम हे कीट मऊ ठेवणं, म्हणजे पुढची गोळी त्याला आपल्याबरोबर पुसत नेते. माझं खनिज मेण त्या कीटात मिसळून उलट त्याचं डांबर करत होतं.

हे मला रेंजवरच्या सत्तरीच्या एका गृहस्थांनी समजावलं. त्यांनी माझी गोळी हातात घेऊन तिच्या अंगावरच्या, वंगण भरायच्या खाचेत नख रोवून पाहिलं. नख रुतलंच नाही. "हे इतकं कडक आहे की बत्तीस इंच पुरणारच नाही," म्हणाले, आणि आपल्या रायफलचं तोंड दाखवलं. तिथे ओलसर, करड्या रंगाची चांदणी उमटली होती. आट्यांच्या खाचा सहा, चांदणीची टोकं सहा. वंगण थेट तोंडापर्यंत पोचलं की ही चांदणी दिसते. त्यांनी आपल्या वंगणाचा एक डबा मला देऊ केला: मधमाश्यांचं मेण आणि मेंढीची चरबी.

त्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे आली होती. ती माळकरी, शिवाय सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवलेली. डबा गॅरेजमध्येच ठेवला होता, पण झाकण उघडल्याबरोबर वास तिच्यापर्यंत गेला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, चरबीच्या काडतुसांवरून बराकपूर पेटलं, ते मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. पण चरबी लावायचीच कशाला, हे मला एकाही पोरानं विचारलं नाही."

मग आम्ही दोघं त्यावर बोलत बसलो. शिपायांना दिलेल्या १८५३ च्या एनफिल्ड बंदुकीची नळी आट्यांची आणि गोळी तोंडाकडून ठासायची. दारू काळीच. कागदी काडतुसाला वंगण नसेल तर दोन-चार बारांनंतर कीटामुळे गोळी खाली उतरायची नाही. म्हणजे तिथेही प्रश्न कीटाचाच होता, वंगण लागणारच होतं. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांना आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावायची परवानगीही निघाली होती, पण तोवर विश्वास उडालेला होता. २९ मार्चला मंगल पांडे उभा राहिला. आईला पुस्तकातलं सगळं ठाऊक होतं. त्यामागचं लोखंड आणि शिसं तिने त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेऊन पाहिलं.

चरबी नको, हे तिच्यासाठी ठरवलं. इथल्या नेमबाजांत एक शाकाहारी कृती चालते: निम्मं मधमाश्यांचं मेण, चाळीस टक्के वनस्पती तूप (इथे क्रिस्को म्हणतात, आपला डालडा समजा) आणि दहा टक्के कॅनोला तेल. मी २५० ग्रॅम मेण, २०० ग्रॅम तूप, ५० ग्रॅम तेल घेतलं. मेण साधारण ६३ अंशांना वितळतं, पण थेट आचेवर धरलं तर पेट घेऊ शकतं. म्हणून उकळत्या पाण्यात दुसरं भांडं ठेवून वितळवलं. भांडी वेगळी, शेगडी गॅरेजमधली. शिशाला हात लागलेलं काहीही स्वयंपाकघरात येत नाही, यात मी तडजोड करत नाही.

ताटलीत गोळ्या बुडावर उभ्या केल्या, सगळ्यात वरची खाच बुडेल एवढं वंगण ओतलं आणि थंड होऊ दिलं. मग एकेक गोळी अलगद ढकलून काढली. खाचा पिवळसर मेणाने काठोकाठ भरलेल्या, बाकीचं शिसं स्वच्छ. उरलेल्या थराला गोल भोकं. पुढच्या खेपेला त्याच भोकांत गोळ्या बसवायच्या आणि ताटली पुन्हा गरम करायची.

पाच बारांनंतर चांदणी दिसली. फिकट, पण सहाही टोकं होती. दहाव्या बारानंतरही गोळ्या जागेवर पडत होत्या. तरी कोरड्या दिवशी नुसत्या वंगणावर भागत नाही. बार झाला की काडतुसाचं रिकामं कवच काढून मागच्या बाजूने नळकांडं लावायचं आणि सहा सावकाश श्वास नळीत सोडायचे. श्वासातली वाफ कीटात मुरते. हे सोडलं की चांदणी लगेच पुसट होते, मी चारदा ताडून पाहिलं आहे. साफसफाई उलट सोपी झाली: कोमट साबणपाणी, सातेक चिंध्या, मग तेलाचा हात.

यशाच्या भरात तेच मऊ वंगण मी रिव्हॉल्व्हरच्या बिनधुराच्या काडतुसांनाही लावलं. जुलैत डबी गाडीत राहिली. संध्याकाळी काडतुसं हाताला तेलकट लागली. एकही न उडवता तीन उघडली. त्यांतल्या दोनांत वंगण गोळीच्या बुडाखाली उतरून दारूचे कण एकमेकांना चिकटले होते. अशी दारू अर्धवट जळली तर गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरा बार झाला तर हात जातो. पन्नासच्या पन्नास मोडली. रिव्हॉल्व्हरला पुन्हा ती जुनी कडक कांडीच.

सप्टेंबरात आई परत निघाली त्याच्या आदल्या दिवशी तिने दोन्ही डब्यांना कागद चिकटवले. तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात एकावर "काळी दारू", दुसऱ्यावर "बिनधुराची". आता थंडी पडली आहे. काल उणे चार अंशांत पहिल्या डब्यातलं वंगण खाचेतून टवके होऊन निघत होतं. उद्या त्यात पाच टक्के लॅनोलिन घालून पाहतो. मेंढीच्या लोकरीचं आहे, पण त्यासाठी मेंढी मारत नाहीत; आईला फोन करून विचारलं, ती चालेल म्हणाली.