इंदूरहून अबू धाबीला : 'यूएफसी २९४' प्रत्यक्ष पाहताना

मिश्र मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीचे डाव एकत्र चालणाऱ्या, व्यावसायिक लढती आवडीने पाहणारी मराठी घरे इंदुरात आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांनी हा खेळ फक्त दूरचित्रवाणीवर पाहिलेला असतो. अमेरिकेत शनिवारी रात्री होणाऱ्या यूएफसीच्या (या लढती भरवणाऱ्या 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' या अमेरिकी संस्थेच्या) मुख्य लढती आपल्याकडे रविवारी सकाळी सुरू होतात आणि रामबागेतल्या आमच्या घरी त्या पोह्यांच्या बशा हातात घेऊनच पाहिल्या जातात. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी अबू धाबीत झालेला 'यूएफसी २९४' हा कार्यक्रम मात्र मी, माझा भाचा आणि तरुणपणी तालमीत घाम गाळलेले आमचे काका अशा तिघांनी तिथे जाऊन पाहिला. यूएफसीने अबू धाबीत पहिला कार्यक्रम २०१० मध्ये केला होता आणि अलीकडे यास बेटावरील एतिहाद अरेनात ऑक्टोबरमध्ये मोठा कार्यक्रम ठेवण्याचा परिपाठच पडला आहे. त्यामुळे पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांना हा वृत्तांत उपयोगी पडेल, असे वाटते.

इंदूरहून शारजाहला थेट विमान मिळाल्यामुळे आम्हांला मुंबई किंवा दिल्लीचा वळसा पडला नाही. हे विमान रोज असेलच असे नाही, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी वेळापत्रक आणि लढतीची तारीख समोरासमोर ठेवून पाहावी. यास बेट अबू धाबी शहराच्या अलीकडे, दुबईच्या बाजूला लागते. शारजाहहून आलेल्या माणसाने आधी शहरात जाऊन मग परत मागे येण्याचे कारण नाही. भारतीय पारपत्रावर अमिरातीचा व्हिसा सर्वसाधारणपणे आधीच काढावा लागतो आणि पारपत्राची मुदत सहा महिने तरी शिल्लक असावी लागते. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी अवश्य लक्षात ठेवावी. खसखस तिथे निषिद्ध आहे. सणासुदीच्या दिवसांत कोणी प्रेमाने अनारशांचा डबा बरोबर दिला, तर तो घरीच ठेवून निघावे.

तिकीट एका नावासाठी काढू नये, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. आम्ही तिकिटे काढली तेव्हा मुख्य लढत इस्लाम माखाचेव आणि चार्ल्स ऑलिव्हेरा यांच्यात, तर तिच्या आधीची खमझात चिमाएव आणि पाउलो कोस्टा यांच्यात ठरलेली होती. कार्यक्रम दोन आठवड्यांच्या आत आला असताना भुवईला जखम झाल्यामुळे ऑलिव्हेराने, आणि कोपराच्या संसर्गामुळे कोस्टाने माघार घेतली. त्यांच्या जागी अलेक्झांडर वोल्कानोव्स्की आणि कमारू उस्मान उभे राहिले. आमचे यात काहीच बिघडले नाही. पण केवळ ऑलिव्हेरासाठी पैसे मोजलेल्यांची निराशा मी समजू शकतो.

जागा निवडताना जवळची म्हणजे चांगली, असा समज करून घेऊ नये. लढत ज्यात होते त्या अष्टकोनी आखाड्याभोवती माणसाच्या छातीच्या वर जाणारी जाळी असते, प्रत्येक कोपऱ्यावर जाड गादी गुंडाळलेला खांब असतो आणि कडेच्या फळीवर उभे राहून चित्रण करणारे कॅमेरावाले असतात. खालच्या रांगेत बसलेल्या माणसाला लढत नेमकी खांबाआड गेली की मान वर करून पडद्यावरच पाहावे लागते. आम्ही मधल्या सज्ज्यात होतो. तिथून लढवय्ये जाळीच्या वरून दिसत होते, कोण कोणाला कोपऱ्यात दाबत नेत आहे हे पायांच्या हालचालीवरून कळत होते आणि धरपकड जमिनीवर गेली की पडदाही डोळ्यांच्या पातळीवर होता. ज्याचे बजेट बेताचे आहे, त्याने मुळीच हळहळू नये.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला, म्हणजे आपल्या साडेसातला सुरू झाला आणि मुख्य लढती रात्री दहानंतर आल्या. कित्येक प्रेक्षक नऊपर्यंत फिरकतच नाहीत. भारतीय प्रेक्षकाने असे कधीही करू नये, कारण आपली माणसे बहुधा आरंभीच्या लढतींतच असतात. उत्तराखंडचा अंशुल जुबली, ज्याने त्याच वर्षी फेब्रुवारीत 'रोड टू यूएफसी' ही स्पर्धा जिंकून करार मिळवला होता आणि जो तोवर अपराजित होता, तो अर्धवट भरलेल्या प्रेक्षागृहासमोर माइक ब्रीडनशी लढला. तिसऱ्या फेरीत ब्रीडनच्या ठोशाने तो कोसळला, तेव्हा आमच्या भोवतीचे सगळे भारतीय एकदम गप्प झाले. भाचा डोळे पुसत होता. २०१७ मध्ये शांघायला भरत खंडारे हा आपला मराठी मुलगा यूएफसीत उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला, ती लढत आम्ही घरी बसून पाहिली होती. पण समोर घडणारा पराभव किती जड असतो, हे पडद्यावरून कळत नाही. दोन लढतींच्या मधल्या वेळात माणसे टॉवेल घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि गादीवरचे रक्त पुसतात, हेही पडद्यावर फारसे दिसत नाही.

चिमाएव आणि उस्मान यांची लढत हा माझ्या दृष्टीने त्या रात्रीचा कळस होता. चिमाएवने आरंभीच उस्मानला खाली घेतले आणि पहिली फेरी जवळजवळ सगळी त्याच्या पाठीवर राहून काढली. शेजारची तरुण मंडळी 'उठवा त्यांना' म्हणून ओरडत होती, परंतु काका खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. "पट काढला बघ. आता हात कुठे जातोय, तिकडे लक्ष ठेव," असे ते भाच्याला सांगत होते (पट म्हणजे पाय धरून खाली पाडण्याचा कुस्तीतला डाव) आणि पुढचा प्रयत्न कोणत्या बाजूने होणार, हे बहुतेक वेळा त्यांना आधी कळत होते. पुढच्या फेऱ्यांत उस्मान सावरला, तरी निकाल बहुमताने चिमाएवच्या बाजूने गेला. कुस्ती जाणणारे वडीलधारे माणूस बरोबर असेल, तर जमिनीवरची झटापट कंटाळवाणी वाटत नाही. शक्य असेल त्याने असा सोबती अवश्य न्यावा.

प्रत्यक्ष जाण्यात एक उणीव आहे, आणि ती आधी ठाऊक असलेली बरी. समालोचन प्रेक्षागृहात ऐकू येत नाही. मागोमेद अंकालाएव आणि जॉनी वॉकर यांची लढत पहिल्याच फेरीत थांबली, डॉक्टर आत आले, वॉकरशी काही बोलले आणि लढत निकालाविना ('नो कॉन्टेस्ट' ठरवून) सोडण्यात आली. जमिनीला टेकलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर गुडघा मारणे नियमबाह्य आहे आणि त्यावरूनच हे सारे झाले, हे घरी पाहणाऱ्यांना तत्काळ समजले. आमच्या रांगेत मात्र बराच वेळ तर्क चालले होते. मुख्य नियम वाचून जावेत आणि भ्रमणध्वनीवर इंटरनेटची सोय ठेवावी. शिवाय सगळे वेळापत्रक प्रक्षेपणासाठी आखलेले असल्यामुळे लढतींमध्ये लांब थांबे येतात. खाणेपिणे उरकायचे ते त्याच वेळी; आतले पदार्थ महाग आहेत आणि काकांचा नवरात्राचा उपास असल्याने त्यांना तिथे जवळजवळ काहीच चालले नाही. म्हणून उपासाच्या माणसाने बाहेर पोटभर फराळ करूनच आत जावे.

मुख्य लढत लवकर आटोपली. माखाचेवची डावी लाथ वोल्कानोव्स्कीच्या डोक्यावर बसली आणि पहिल्या फेरीच्या ३ मिनिटे ६ सेकंदांवर पंचांनी लढत थांबवली. त्यानंतर हजारो माणसे एकाच वेळी टॅक्सी शोधू लागतात. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, तर खोली यास बेटावरच, पायी जाता येईल इतक्या अंतरावर घ्यावी. भाडे थोडे अधिक पडते, पण मध्यरात्रीनंतरची पायपीट वाचते. परतीचे विमानही दुसऱ्या दिवशी सकाळचे न घेता संध्याकाळचे किंवा त्याच्या पुढच्या दिवसाचे घ्यावे.