मम दोषो न दीयते

माझं काम काय ते कळलं की माणसं माझ्यासमोर जरा सावरून बसतात. मी दंतवैद्य असते तर समजू शकले असते. मी नुसती प्रुफं बघते. कागदोपत्री ‘मुद्रितशोधक’. पण तसं सांगितलं की समोरच्याला वाटतं, मी कुठेतरी उत्खनन करते. त्यापेक्षा ‘प्रुफं बघते’ बरं. शेजारणीचं रांगतं मूल तासभर बघावं तशी मी लेखकांची पानं बघते. नजर हलली की काहीतरी पडतं. बहुधा अनुस्वार.

काम तसं सोपं आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका हेरायच्या, समासात खुणा करायच्या, आणि संगणकावर पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याने त्या दुरुस्त केल्या की पुन्हा वाचायचं. पहिल्या प्रुफातली चूक काढताना ऑपरेटर तिच्या शेजारी एक नवी चूक लावून देतो, म्हणून दुसरं प्रूफ. दुसरं बघून होईतो लेखकाला एक परिच्छेद नव्याने सुचतो, म्हणून तिसरं. चौथ्याला आम्ही फायनल म्हणतो. पाचव्यालाही फायनलच म्हणतो.

वर मी ‘प्रूफ’ दीर्घ लिहिलं आणि ‘प्रुफं’ ऱ्हस्व. ती चूक नाही, पोटापाण्याचा विषय आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले तेव्हा १४ होते, १९७२ मध्ये आणखी ४ आले, एकूण १८. गीतेच्या अध्यायांइतकेच, आणि पाळायला तितकेच कठीण. त्यातला माझा लाडका नियम असा, की ‘फूल’ एकटं असताना ऐसपैस दीर्घ बसतं, पण प्रत्यय आला रे आला की अंग चोरून ‘फुलाला’ होतं. साहेब केबिनबाहेर आल्यावर आपण खुर्चीत बसतो तसं. ‘वकील’चंही तेच, ‘वकिलाला’. प्रत्यक्षातले वकील इतक्या चटकन मान तुकवत नाहीत, पण व्याकरणात तुकवतात. मात्र ‘शरीर’ला हा नियम लागत नाही. ते संस्कृतातून जसंच्या तसं आलं, म्हणून ‘शरीराला’ म्हटलं तरी ताठच. म्हणजे एक वेलांटी ठरवायची तर आधी शब्दाचं कूळ काढायचं. गेल्या वीस वर्षांत मी जितकी कुळं काढली तितकी सोयरीक जुळवणाऱ्यांनीही काढली नसतील.

खरी अडचण नियमांची नाही, डोळ्यांची आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जातो. मधलं मन भरून काढतं. ‘महत्व’ लिहिलेलं असलं तरी मन उदार होऊन दुसरा ‘त’ स्वतःच्या खिशातून घालतं आणि पुढे जातं. प्रुफं बघणं म्हणजे या उदारपणाशी दिवसभर भांडणं. त्यासाठी ओळीखाली पट्टी धरायची, एकेक शब्द तोंडात घोळवायचा, फारच शंका आली तर पान खालून वर वाचायचं. मजकूर किचकट असेल तर आम्ही दोघी बसतो. एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसरीने प्रूफ तपासायचं. ‘तो उठला स्वल्पविराम दाराकडे गेला अर्धविराम पण दार बंद होतं पूर्णविराम नवा परिच्छेद.’ असे सलग तीन दिवस गेले की त्याचे परिणाम घरी दिसतात. एका रात्री मी मुलीला म्हटलं, “दिवा मालव स्वल्पविराम झोप आता उद्गारचिन्ह.” तिने दिवा मालवला. तिला सवय आहे.

पूर्वी हाताने पोथ्या नकलून काढणाऱ्या लेखनिकांबद्दल मला फार जिव्हाळा आहे. पोथीच्या शेवटी ते एक ठरलेला श्लोक टाकत: जसं पुस्तक पाहिलं तसं मी लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, ‘मम दोषो न दीयते’, मला दोष देऊ नये. काय सोय होती! चारशे पानं नकलायची आणि शेवटच्या ओळीत हात झटकून मोकळं व्हायचं. हे वाक्य माझ्या प्रत्येक बिलाखाली छापून घ्यावं असं मला कितीदा वाटलं आहे. आणखी एक श्लोक ते लिहीत. त्यात पाठ, कंबर नि मान मोडली, नजर खिळली, तोंड खाली गेलं, अशा कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तेव्हा नीट सांभाळा, अशी विनवणी असते. फिजिओथेरपिस्टने मागच्या महिन्यात मला नेमकं काय दुखतं ते विचारलं, तेव्हा मी जवळजवळ तो श्लोकच म्हणणार होते. यादी तीच, क्रमही तोच.

‘आर्शिवाद’, ‘उज्वल’, ‘शुध्दलेखन’ या चुकांचं मला भय नाही. त्या पानावर घोंगडी पांघरून बसलेल्या असतात, लांबून दिसतात. (‘शुद्ध’ हा शब्दच सर्वाधिक वेळा अशुद्ध लिहिला जातो, याची मला गंमत वाटायची. आता वाटत नाही.) भीती वाटते ती सभ्य चुकांची, ज्यात चुकलेला शब्दही शुद्धच असतो. ‘वर्धापन दिन’चा ‘वर्धापन दीन’ होतो आणि पंचवीस वर्षं पूर्ण करणारी संस्था एका वेलांटीत केविलवाणी दिसू लागते. ‘शिर’ म्हणजे डोकं आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘त्याने शीर झुकवले’ असं एका कादंबरीत आलं होतं, आणि ते नेमकं कसं करतात याचा विचार मी बराच वेळ केला.

या जातीची आपल्याकडची सर्वांत गाजलेली चूक म्हणजे ‘ध’चा ‘मा’. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याआधी आनंदीबाईंनी पत्रातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं इतिहासकारांनी बघावं. मला त्यातला धंद्याचा भाग दिसतो. दोन्ही शब्द शुद्ध, वाक्य व्याकरणात चोख. कुठल्याही स्पेलचेकरने ते पत्र हसतमुखाने पुढे जाऊ दिलं असतं. मी असते तर समासात लिहिलं असतं, ‘धरावे की मारावे? कृपया लेखकाकडून खात्री करून घ्यावी’, आणि काम निदान आठवडाभर लांबलं असतं. मुद्रितशोधकांमुळे कामं लांबतात, ही तक्रार करणाऱ्यांनी या बाजूनेही विचार करावा.

तिकडे इंग्लंडात १६३१ साली रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास या राजाच्या मुद्रकांनी बायबल छापलं. त्यात ‘व्यभिचार करू नकोस’ या आज्ञेतला ‘नॉट’ गळाला आणि खुद्द देवाने व्यभिचाराची आज्ञा दिली. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला. पण त्या पानाचं प्रूफ बघणाऱ्याचं काय झालं असेल, हा विचार मला अजूनही अधूनमधून रात्री येतो. त्याने ते पान वाचलं असणार. आज्ञा त्याला तोंडपाठ असणार. घात झाला तो तिथेच. मनाने ‘नॉट’ खिशातून काढून घातला असणार.

संगणक आल्यावर आमचं काम हलकं होईल असं सगळे म्हणत होते. एका लेखकांनी ऐतिहासिक कादंबरी छापायला जायच्या आदल्या दिवशी नायिकेचं नाव ‘रमा’ऐवजी ‘उमा’ करायचं ठरवलं. ऑपरेटरने ‘रिप्लेस ऑल’ची कळ दाबली. दोन सेकंदांत काम झालं, तो खूश. मी सहज एक पान उघडलं, तर बादशहाचं ‘फउमान’ सुटलं होतं आणि समुद्रावरून ‘आउमार’ निघालं होतं. पुढे एक साधू राजाला ‘पउमार्थ’ शिकवत होता आणि दरबारात ‘गउमागरम’ चर्चा चालली होती. सगळ्यांत वाईट म्हणजे, शंभरेक पानं वाचल्यावर ‘आउमार’ मला बरोबर वाटायला लागलं. आम्ही पहाटेपर्यंत बसलो. ऑपरेटर प्रत्येक दुरुस्तीला “ताई, मला वाटलं होतं की…” एवढंच म्हणायचा आणि वाक्य तिथेच सोडायचा. टिंबं मोजली, तीनच होती.

या कामाने माझं एक नुकसान मात्र कायमचं केलं. मला नुसतं वाचता येत नाही. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, लिफ्टमधली पाटी, सिनेमाची उपशीर्षकं, कशावरही आधी चूक दिसते, मग अर्थ. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली आणि खाली ओळीने ‘भावपुर्ण श्रध्दांजली’ उमटू लागली, की माझा शोक दर संदेशाला दोनदा अडखळतो. मी कधीच काही बोलत नाही. तरी नातेवाइकांना कळलं कसं कोण जाणे, हल्ली ते मला सगळं बोलून पाठवतात. आवाजात वेलांटी दिसत नाही, असा त्यांचा समज आहे.

आणि तरी मी हे काम सोडत नाही. कारण मधूनच एखादा असा फोन करायला मिळतो.

“तुमचे काका वारलेत ना हो?”

“काय? कधी?” लेखक हादरलेले.

“चाळिसाव्या पानावर. पण एकशे सत्तरवर ते पुतण्याला रागावतायत.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “आता काय करायचं?”

खरं तर काकांचं मरण ठरवणं माझ्या कामात बसत नाही. मी वेलांट्यांची माणूस. पण त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून काकांना जिवंत ठेवायचं ठरवलं आणि चाळिसाव्या पानावर त्यांना नुसता ताप आणला. एखाद्याचा जीव वाचवल्याचं समाधान असतं म्हणतात, ते मला पगारात मिळालं. पुस्तकात याचा कुठे उल्लेख नाही, हेही योग्यच. प्रूफ बघणाऱ्याचं नाव वाचकाच्या तोंडी एकदाच येतं, आणि तेव्हा ते नाव नसतं, ‘प्रुफं कुणी बघितली हो?’ असा प्रश्न असतो.

जॉन बँगसंड नावाच्या ऑस्ट्रेलियन संपादकाने १९९२ मध्ये एक नियम मांडला: संपादनावर किंवा मुद्रितशोधनावर टीका करणारं काहीही तुम्ही लिहिलंत, तर त्यात एखादी चूक असणारच. त्या हिशेबाने या लेखातही एक आहे. मी पाच वेळा वाचला, मला सापडलेली नाही. तुम्हाला सापडली तर पेन्सिलीने गोल करा आणि माझ्यापर्यंत येऊ देऊ नका.

इतक्या वर्षांत मला कळलेली एक उलटी गोष्ट म्हणजे, वाईट लेखन निर्धोक असतं. कंटाळा आला की नजर तीक्ष्ण होते. चूक सापडणं हाच काय तो विरंगुळा. एका भाषणसंग्रहात मी एकही टिंब सुटू दिलं नव्हतं. चांगलं लेखन आलं की मात्र पट्टी कधी हातातून सुटते ते कळत नाही. एका निवृत्त शिक्षकांच्या आठवणींचं प्रूफ आलं होतं. साधी, कोरडी भाषा. मी सहाव्या प्रकरणापर्यंत आले आणि एका परिच्छेदाशी थांबले. ‘आई गेली तो दीन अजून आठवतो. तिचा चष्मा फडताळात मिटून ठेवलेला होता. नंतर तो कुणी उघडला नाही.’

‘दिन’ हवा. पेन्सिल टेकवली आणि उचलली. दिवस नव्हे, दीन. दीनवाणा, पोरका. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेला माणूस ही वेलांटी चुकेल? त्याने ती मुद्दाम दिली असणार. मी उठून खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा वाचलं. शब्द तसाच ठेवायचा असला की त्याच्या खाली टिंबं देऊन समासात ‘राहू द्या’ लिहायचं, अशी आमच्यात पद्धत आहे. मी टिंबं दिली. मग वाटलं, एकदा विचारावं. निदान हे कुणाला तरी कळलं, एवढं तरी त्यांना सांगावं.

“सर, ‘तो दीन’ लिहिलंय तुम्ही. ते तसंच ठेवायचं आहे ना?”

कागद चाळल्याचा आवाज आला. “कुठे? अरेच्चा! अहो, दिन हवा ना तिथे. ऱ्हस्व. एवढी साधी चूक तुमच्या कशी लक्षात आली नाही?”

मी टिंबं खोडली आणि ऱ्हस्व केलं. तिन्ही प्रुफांत तो शब्द पुन्हा पुन्हा तपासला. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिल्यांदा तेच पान उघडलं. दिन ऱ्हस्व होता, अगदी बिनचूक. त्याच्या पुढे ‘अजून’, आणि त्याच्या पुढे ‘आटवतो’.