विंड केव्हच्या तोंडाशी

साउथ डकोटातल्या विंड केव्ह नॅशनल पार्कमध्ये रेंजरबाईंनी आधी गुहा दाखवलीच नाही, एक भोक दाखवलं. खडकातलं, जेमतेम एक माणूस सरपटत आत जाईल एवढं. त्यांनी त्यासमोर रिबन धरली आणि ती बाहेरच्या बाजूला फडफडायला लागली. आजूबाजूचं गवत मात्र निवांत होतं. लेकीने गाल पुढे केला. "आई, किती गार!" मग आजीचा हात धरून तिने तोही भोकाशी नेला.

आत मैलोन्‌मैल पोकळी आणि बाहेर यायला वाटा मोजक्या. बाहेर हवेचा दाब उतरला की आतली हवा बाहेर येते, दाब चढला की बाहेरची आत ओढली जाते. १८८१ मध्ये बिंगहॅम भावांचं लक्ष इकडे गेलं ते या वाऱ्यानेच. झोताने टोपी उडाल्याची गोष्ट इथे सांगतात. पण लाकोटा या इथल्या मूळ रहिवासी लोकांना ही जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्यांचे पूर्वज इथूनच पृथ्वीवर आले अशी त्यांची श्रद्धा आहे. तिथे उभं असताना '१८८१ मध्ये शोध लागला' हे शब्द मला फार खटकले.

आत छतभर बॉक्सवर्क: कॅल्साइट या खनिजाच्या पातळ पात्या एकमेकींना छेदत गेलेल्या, मधली घरं रिकामी. जुन्या टपाल कचेरीतले खणच जणू. मग रेंजरबाईंनी दिवे घालवले. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसेना. अशा काळोखात १८९० पासून ॲल्विन मॅकडोनल्ड हा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा मेणबत्ती आणि सुतळी घेऊन हिंडायचा. गुहेचा शेवट सापडेल ही आशा सोडल्याचं त्याने रोजनिशीत लिहिलं आहे. विसाव्या वर्षी तो विषमज्वराने गेला. माझ्या मनातून तो अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी ज्वेल केव्ह नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारने राखलेली आणखी एक गुहा. ७२३ पायऱ्या, म्हणून सासूबाई वरच थांबल्या. भिंतींवर कॅल्साइटचे टोकदार स्फटिक, बॅटरीच्या उजेडात लखलखणारे.

तिथून वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर हा खडकाचा प्रचंड सुळका, १९०६ मध्ये जाहीर झालेलं अमेरिकेचं पहिलं नॅशनल मॉन्युमेंट. तापलेला शिलारस थंड होताना आकसला, तडकला आणि हे उभे खांब झाले. कायोवा या मूळ रहिवासी लोकांच्या कथेत हे खांब म्हणजे एका अस्वलाच्या नखांच्या खुणा आहेत. त्याच्यापासून पळणाऱ्या सात बहिणींना खडकाने वर उचललं आणि त्या तारे झाल्या. सासूबाईंना हीच गोष्ट पटली.

पायवाटेवरच्या पाइनच्या फांद्यांना रंगीत कापडं बांधलेली होती, प्रार्थनेची. सासूबाईंनी लांबूनच हात जोडले. मी फोन पर्समध्ये ठेवला. इथल्या मूळ रहिवाशांच्या श्रद्धेचा मान राखून जूनमध्ये टॉवरवर चढू नका, अशी गिर्यारोहकांना विनंती असते, सक्ती नाही. आम्ही जूनमध्येच गेलो होतो. लेक बराच वेळ दुर्बिणीतून एकेक खांब न्याहाळत होती.

"आजी, कुणीच नाही गं वर."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.