तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांची शंका कशी घालवता?

विकसनशील देशांतल्या वस्त्यांमध्ये मी क्रिप्टोबद्दल, म्हणजे बँकेशिवाय इंटरनेटवर चालणाऱ्या डिजिटल चलनांबद्दल, शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तिथले लोक विश्वासच ठेवत नाहीत, मग त्यांची शंका घालवता कशी?"

मी घालवत नाही. बुडीत योजना, घसरलेलं चलन, अचानक दारं लावून बसलेल्या बँका हे सगळं त्यांनी सोसलेलं असतं. त्यातून आलेली शंका काढून घ्यायचा मला काय अधिकार?

वनकॉइन या क्रिप्टोच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीचं उदाहरण मी आवर्जून देते. २०१४ मध्ये सुरू झालेली ही योजना युगांडापर्यंत पोचली, आणि विकत काय होती, तर शिक्षणाची पॅकेजेस! धडे घ्या, सोबत नाणी मिळतील. त्या नाण्यांमागे खरी ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांची सगळ्यांना तपासता येणारी सामायिक नोंदवही, नव्हतीच. संस्थापिका रुजा इग्नातोवा २०१७ पासून बेपत्ता आहे, आणि अमेरिकी सरकारी वकिलांच्या मते लोकांनी यात चार अब्ज डॉलरहून जास्त घातले. तेव्हा "क्रिप्टो शिकवायला आले आहे" म्हणणाऱ्या बाईकडे कुणी रोखून पाहिलं, तर ते बरोबरच आहे. मी सुरुवातीलाच सांगून टाकते: माझ्याकडून काहीही विकत घ्यायचं नाही, आणि मी घ्या म्हणाले तर मला हाकलून द्या.

सरकारी जोरही इथे चालत नाही. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला, म्हणजे सगळ्यात जुन्या क्रिप्टो चलनाला, कायदेशीर चलन केलं, सरकारी ॲप घेणाऱ्याला ३० डॉलर दिले. बऱ्याच जणांनी ते खर्च केले आणि ॲपकडे पुन्हा फिरकले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढावी लागली.

मग शिकवते काय? फोनवर रिकामं वॉलेट, म्हणजे क्रिप्टो सांभाळायचं ॲप, उघडायला लावते. बारा शब्द येतात, ते कागदावर उतरवायचे. किरकोळ रक्कम टाकते आणि ॲप काढून टाकायला सांगते. इथे हात अडखळतात. कुणीतरी शेजाऱ्याला "तू आधी कर" म्हणतं. ॲप पुन्हा घेऊन तेच शब्द भरले की रक्कम परत दिसते, आणि चेहरे खुलतात. लगेच विचारते, हा कागद दुसऱ्याच्या हाती लागला तर? उत्तर त्यांचं तेच देतात. पाठोपाठ हमखास प्रश्न येतो: पैसे चुकून भलत्याकडे गेले तर तक्रार कुठे करायची? कुठेच नाही. हे उत्तर गुळमुळीत देणाऱ्याने शिकवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

परदेशातून घरी पैसे पाठवणं हा खरा जिव्हाळ्याचा विषय. २०० डॉलर पाठवायला जगात सरासरी सहा टक्क्यांच्या वर खर्च येतो, म्हणून क्रिप्टो स्वस्त असल्याचा प्रचार होतो. आम्ही पूर्ण हिशोब मांडतो: विकत घेतानाचा भाव, पाठवण्याची फी, आणि हातात रोख पडेपर्यंत मधल्या माणसाचं कमिशन. कधी क्रिप्टो स्वस्त निघतं, कधी जुनीच पद्धत. पाठवायचं बिटकॉइन असेल तर पडता भाव धरूनही हिशोब करायला लावते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांवर आला होता. घरभाड्याचे पैसे त्यात ठेवायचे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं.